वरची खिडकी उघडी होती

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः तीन वर्षं विश्वास न ठेवण्याचाच प्रयत्न करतोय.

पण जे झालं ते असंच झालं. तारखा मला पाठ आहेत. तेरा नोव्हेंबर ते एकवीस नोव्हेंबर. नऊ दिवस, नऊ फोटो. व्हेनिसमध्ये, आमच्या कानारेज्जो वस्तीच्या उत्तर टोकाला, मी राहतो त्याच घरात.

माझं नाव अल्वीझे. वय एकसष्ट. धंदा फोटोग्राफीचा.

आमच्या घरात पूर्वी सात बिऱ्हाडं होती. आता पाच जागा पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतात. कायमची राहणारी माणसं दोनच उरली होती. दुसऱ्या मजल्यावर मी, आणि माझ्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर सिओरा इनेस. सिओरा म्हणजे आमच्याकडे बाई. वय शहाऐंशी. दोन्ही खुबे गेलेले. दोन वर्षांत त्या जिना उतरल्या नव्हत्या.

माझी बायको वारली त्या वर्षी त्यांनी मला वर बोलावलं, कॉफी दिली आणि म्हणाल्या, "पोरा, आता या घरात तू आणि मी. एक मेला तर दुसऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर वास आला म्हणून पर्यटक तक्रार करतील, आणि मला असलं मरण नको."

मग आमचा करार झाला. सकाळी सातच्या आत दोघांनीही खिडकीच्या लाकडी झडपा उघडायच्या. संध्याकाळी अंधार पडला की लावायच्या. सात वाजले आणि झडपा बंद दिसल्या, तर दुसऱ्याने जायचं. तीनदा दार वाजवायचं. उत्तर नाही आलं तर किल्लीने उघडायचं.

किल्ल्यांची अदलाबदल झाली.

"तुम्ही कशा येणार खाली?" मी म्हटलं.

"तुझ्यासाठी एक जिना उतरेन रे. काठी आहे की."

ती काठी मला चांगलीच माहीत होती. दिवसभर माझ्या डोक्यावर टक, टक, टक. शेवटी मीच बाजारातून रबराचं टोपण आणून काठीच्या टोकाला बसवलं. दुकानात लाल रंगाचंच मिळालं. सिओरा इनेस म्हणाल्या, "म्हातारीची काठी नटवलीस बघ."

त्यानंतर आवाज दबला. टकच्या जागी नुसतं डब... डब...

मी सुखाने झोपायला लागलो.

त्या नोव्हेंबरमध्ये मला कॅलेंडरचं काम मिळालं. छापखान्याची फ्लाविया फोनवर म्हणाली, "बारा जागा शोध. अशा की बघणाऱ्याने पाहतच राहावं. पण एकही माणूस नको हं. लोकांना रिकामं व्हेनिस आवडतं."

"मग दहा वर्षं थांब," मी म्हटलं. "तेव्हा फुकटात मिळेल."

ती हसली. मला हसू आलं नाही, पण काम घेतलं.

तीन फोटो माझ्याकडे होते. नऊ हवे होते. मी ठरवलं, लांबून सुरुवात करायची आणि रोज एक जागा घराकडे यायचं. पहाटे साडेपाचला निघायचं, उजाडता उजाडता फोटो घ्यायचा, दुपारी घरी येऊन तो कॉम्प्युटरवर साफ करायचा. जेवून परत बाहेर पडायचं, दुसऱ्या दिवसाची जागा हेरायला. अंधार पडल्यावर परत.

रिकाम्या शहराचा फोटो काढायची आमची एक जुनी युक्ती आहे. कॅमेऱ्यापुढे जवळजवळ काळी काच लावायची आणि पाच-सहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात पुलावरून पन्नास माणसं जाऊ देत, फोटोत एकही येत नाही.

जो चालतो तो पुसला जातो. जो न हलता उभा राहतो तोच उरतो.

तेरा तारखेला पहिला फोटो घेतला. शहराच्या पूर्वेला, सान पिएत्रोच्या लाकडी पुलाचा. दाट धुकं होतं. चिटपाखरू नव्हतं.

दुपारी घरी आलो. सवयीने वर पाहिलं. सिओरा इनेसची खिडकी उघडी होती. ठीक.

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला. आणि पाहिलं तर...

पुलाच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी उभं होतं.

बोटाएवढी आकृती. जरा वाकलेली. धुक्यात नीट दिसत नव्हती. मी चडफडलो. सहा मिनिटं कोण उभं राहिलं तिथे? मला तर कोणी दिसलं नव्हतं. पण आजकाल फोटोतून माणूस काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. मी ती आकृती पुसली आणि फोटो सेव्ह केला.

संध्याकाळी जेवत होतो तेव्हा आवाज यायला लागला.

डब... डब... डब...

थोडं थांबून परत.

डब... डब... डब...

मी म्हटलं, भरती आली. शेजाऱ्याची नाव भिंतीला आपटतेय. आमच्याकडे हा आवाज ऐकतच माणूस लहानाचा मोठा होतो. उठून कोण बघतो? दोर जरा ताणून बांधायला काय जातं यांचं, असं पुटपुटत मी ताट धुतलं.

चौदा तारखेला आर्सेनालेचा पूल. फोटोत तीच आकृती. थोडी मोठी.

पुसली.

त्या संध्याकाळी आवाज आला, पण फार हळू. बऱ्याच वेळाने एखादा.

पंधरा तारखेपासून आवाज बंद झाला. मला वाटलं, नाव नीट बांधली असेल.

धुकं काही हटत नव्हतं. अंधार पडल्यावर घरी यायचो तेव्हा कालव्याच्या वाटेवरून माझी स्वतःची खिडकी दिसत नसे, तर तिसऱ्या मजल्यावरची कुठली दिसणार? दुपारी मात्र मी न चुकता वर पाहायचो. झडपा उघड्या. म्हणजे सगळं ठीक.

कोपऱ्यावरच्या उगोच्या बारमध्ये मी सोळा तारखेला कॉफी पीत होतो. उगो धुक्याकडे बघून म्हणाला, "कसले फोटो काढतोस या धुक्यात? माझी चादर वाळत घालतो, तिचा काढ. तोच फोटो येईल."

मी त्याला आकृतीबद्दल सांगितलं.

"पाच-सहा मिनिटं न हलता?" उगो म्हणाला. "अरे, माझी गिऱ्हाइकं कॉफी संपेपर्यंत थांबत नाहीत. बरं, इनेसबाई कशा आहेत? चार दिवस झाले, दूध मागवलं नाही त्यांनी."

"खिडकी उघडी आहे त्यांची," मी म्हटलं.

"मग ठीक," उगो म्हणाला.

दोघांनी कॉफी संपवली.

सतरा, अठरा, एकोणीस. रोज एक जागा घराकडे. रोज ती आकृती थोडी जवळ. आता कळत होतं की ती बाई आहे. अंगात घरातला लांब झगा. एका बाजूला कललेली.

मी रोज टेबलाशी बसून तिला पुसत होतो.

भीती वाटली का? खरं सांगतो, राग येत होता. कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं वाटत होतं.

म्हणून वीस तारखेला मी ठरवलं, आज नजर हलवायची नाही. मिझेरिकोर्दियाच्या कालव्यावर ट्रायपॉड लावला. सहा मिनिटं पापणीसुद्धा जपून हलवली.

समोर कोणीही नव्हतं. एक मांजरही गेलं नाही.

घरी येऊन फोटो उघडला...

ती कॅमेऱ्यापासून दहा पावलांवर उभी होती.

झग्याची बटणं मोजता येत होती. उजवा हात वर उचललेला, मूठ वळलेली. पण चेहरा... चेहरा नुसता पांढरा, फिसकटलेला. सहा मिनिटांत माणसाचं अंग स्थिर राहिलं आणि तोंड हलत राहिलं, की चेहरा असा येतो.

ती सबंध वेळ काहीतरी बोलत होती.

तरी मी तिला पुसलं. काम संपवायचं होतं.

एकवीस तारीख म्हणजे आमच्या सालूतेच्या देवळाचा सण. शहरातला माणूस न माणूस त्या देवळात मेणबत्ती लावायला जातो, आणि घराघरात सुक्या मटणाचं कोबी घातलेलं सार शिजतं. सिओरा इनेस ते आदल्या दिवसापासून शिजवत. दर वर्षी एक वाडगा मला. बदल्यात मी त्यांच्या नावाची मेणबत्ती लावायची.

सकाळी शेवटचा फोटो घेतला. तो आमच्याच घराजवळच्या पुलाचा. दारातून वीस पावलं.

परत आलो, जिन्याचं दार उघडलं आणि थबकलो.

काहीतरी कमी होतं.

वास नव्हता.

मटणाचा नाही, कोबीचा नाही. कालपासून जिन्यात घमघमायला हवा होता तो. मी मनाशी म्हटलं, थकल्या असतील. वर जाऊन विचारू. आधी फोटो बघू.

आधी फोटो. हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

टेबलाशी बसलो. फोटो उघडला. ती पुलाच्या पायरीवर होती, कॅमेऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर. चेहरा तसाच फिसकटलेला. पण या वेळी पाय दिसत होते. आणि काठी दिसत होती.

काठीच्या टोकाला लाल रबर.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. तीनदा दार वाजवलं. किल्ली दोनदा हातातून पडली.

आत कडाक्याची थंडी होती. खिडकी सताड उघडी. नऊ दिवसांचं धुकं घरात शिरून जमीन ओली झाली होती. सिओरा इनेस स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. अंगात तोच झगा. काठी मुठीत. रबराचं टोपण फाटून बाजूला पडलेलं, आणि काठीच्या टोकाखालच्या लाकडी फळीला खड्डा पडलेला.

त्याच्या बरोबर खाली माझं जेवणाचं टेबल आहे.

डॉक्टर म्हणाले, तेरा तारखेच्या सकाळी झडपा उघडल्यावर त्या पडल्या असाव्यात. मी विचारलं, लगेच गेल्या का? ते म्हणाले, "नाही. दोन दिवस तरी होत्या."

म्हणजे तेरा आणि चौदा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी केलं. सबंध व्हेनिस पालथं घातलं. झडपा उघड्या बघून निर्धास्त राहिलो. त्या संध्याकाळी लागत नव्हत्या, हे एकदाही पाहिलं नाही. आणि शेजाऱ्याची नाव... ती महिन्याच्या सुरुवातीलाच दुरुस्तीला गेली होती. आमच्या भिंतीला त्या आठवड्यात नावच नव्हती. हे मला माहीत होतं. तरी मी आवाज ऐकला आणि नाव म्हटलं.

संध्याकाळी सालूतेला गेलो. त्यांच्या नावाची मेणबत्ती लावली आणि गर्दीत उभा राहून रडलो.

कॅलेंडर छापलं गेलं. फ्लाविया म्हणाली, सुंदर झालंय, एकही माणूस नाही. त्यात आठच नवे फोटो आहेत, नवव्याच्या जागी मी एक जुना दिला. मूळ फोटोंपैकी तो नववाच शिल्लक आहे. बाकीच्यांतून मी त्यांना पुसून टाकलंय.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

सिओरा इनेसचं सामान त्यांच्या भाच्याने नेलं. ती जागाही आता पर्यटकांना देतात. हिवाळ्यात ती रिकामी असते. कुलूप असतं.

या जानेवारीत मी तापाने फणफणलो. सकाळी जाग आली तेव्हा उठायची ताकद नव्हती. झडपा बंद होत्या. घड्याळात सात वाजलेले दिसले. मनात आलं, मेलो तर कोणाला कळेल?

तेवढ्यात वर आवाज झाला.

टक.

रबराशिवायचा. नुसतं लाकूड.

टक... टक...

मग जिन्यावर. एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. फार वेळ लागला. खुबे गेलेल्या माणसाला लागतो तेवढा.

आवाज माझ्या दाराशी येऊन थांबला.

तीनदा दार वाजलं.

मी तोंडावर पांघरूण ओढून पडून राहिलो. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड येतो, तो मधोमध अडला होता. पाच-सहा मिनिटं तिथे कोणीतरी अजिबात न हलता उभं होतं. आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होतं. शब्द कळले नाहीत.

शेवटी मी रांगत खिडकीपाशी गेलो आणि झडपा उघडल्या.

उजेड मोकळा झाला. काठी जिना चढून वर गेली.

तेव्हापासून मी रोज साडेसहालाच झडपा उघडतो. एक दिवस उघडता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्या येतील, तीनदा दार वाजवतील, आणि मी उत्तर देणार नाही.

भाच्याने सामान नेलं त्या दिवशी मी कपाटं, खण, झग्यांचे खिसे सगळं तपासलं होतं. माझी किल्ली मला परत हवी होती.

ती मिळाली नाही.