दोघांचं सांग

ज्यांना पटणार नाही, त्यांनी सोडून द्यावं. मलाही दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी हसलोच असतो. पण हे माझ्या घरात घडलंय. कल्याण पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर, यंदाच्या मे महिन्यात... आणि तेही भरदुपारी.

आमच्या वर थेट गच्ची. बाबांच्या खोलीची भिंत पश्चिमेची. तीननंतर त्या भिंतीला हात लाववत नाही.

मागच्या मे महिन्यात याच खोलीत आई गेली.

ते आधी सांगून टाकतो. आई महिनाभर मागे लागलेली, "विनीत, खोलीला एसी बघ ना रे." माझं एकच उत्तर, "एका खोलीसाठी कशाला एसी? कूलर आहे ना." त्या दुपारी बाबा आंबिवलीला आत्याकडे गेले होते. मी घरूनच काम करतो. मीटिंग चालू होती आणि कूलरचा आवाज मध्ये येत होता, म्हणून मी खोलीचं दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने आतून हाक आली.

"विनीत... दार उघड जरा."

"दोन मिनिटं, आई."

मी वीस मिनिटांनी उघडलं.

ती हाक मी ऐकली होती, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, जागृतीलाही नाही.

यंदा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाबांचं हृदय कमजोर आहे, उकाडा सोसणार नाही. या वेळी मी टाळाटाळ केली नाही. आईचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं, तरी त्याच दिवशी दुकानात निघालो.

निघताना बाबा पलंगावर बसले होते. शेजारी आईची उशी. रोज झटकून ठेवतात.

"विनीत, दोघांचं सांग रे दुकानात."

मी "बरं" म्हणालो. वय झालं की माणूस असं बोलतो, एवढंच मनात आलं.

दुकानातल्या ऋतिका नावाच्या मुलीने धडाधड प्रश्न विचारले. खोली केवढी? दहा बाय अकरा. वर गच्ची आहे? आहे. ऊन कुठल्या भिंतीवर? पश्चिमेच्या.

"आणि झोपणार किती जण?"

"एकच. माझे वडील."

"मग एक टनाचा बास होईल, सर. दोघं असते तर दीड टनाचा घ्या म्हटलं असतं."

मंगळवारी एसी बसला. बुधवारी दुपारी बघतो तर बाबा घामाने निथळत होते. एसीखाली हात धरला तर वारा गारेगार. आणि पलंगावर...

पलंगावर भट्टी.

घाबरून मी एसी बसवणाऱ्या साईनाथला बोलावलं. त्याने थर्मामीटर एसीच्या तोंडाशी धरला. बारा. खिडकीपाशी पंचवीस. बाबांजवळ तीस.

मग आईच्या बाजूला...

अडतीस.

त्याने गादीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"इथे आत्ता कोण झोपलेलं, दादा?"

"कोणीच नाही. का?"

"नाही, माणूस उठून गेल्यावर गादी असते ना, तशी लागतेय." तो माझ्याकडे न बघताच अवजारं भरू लागला. "गॅस बरोबर आहे, मशीन बरोबर आहे. तुम्ही दीड टनाचा घ्यायला पायजे होता. हा दोन माणसांचा लोड आहे."

जागृतीने आणलेलं पाणीसुद्धा न पिता तो गेला.

"बाबा, चला, तुम्ही हॉलमध्ये झोपा," मी म्हणालो. मला खरंच भीती वाटत होती. आणखी एक माणूस याच खोलीत, याच उकाड्यात जायचं.

"तिला सोडून?" बाबा शांतपणे म्हणाले. "मागच्या वर्षी एकटीच होती ती."



गुरुवारी दुपारी जागृती ऑफिसला गेलेली. पावणेतीनला माझी मीटिंग सुरू झाली. एसीचा गारवा जाऊ नये म्हणून खोलीचं दार लावलेलं. आत बाबांना झोप लागली होती, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. मग ते घोरणंही थांबलं.

एसीचीही घरघर थांबली.

आणि...

"विनीत... दार उघड जरा."

हेडफोन तसाच कानात. मी धावलो. दोन मिनिटं म्हणालो नाही, काहीच म्हणालो नाही. दार उघडलं.

आतून गरम वाफ अंगावर आली. कुकरचं झाकण काढताना तोंडावर येते तशी. तिला आईच्या बामचा वास होता. मला घासून ती बाहेर गेली...

एसी पुन्हा सुरू झाला. बघता बघता खोली गार पडली. बाबांनी झोपेतच पायाशी पडलेली चादर ओढून घेतली. मी दाराला टेकून रडलो.

वर्षश्राद्ध झालं. बाबा आता बरे आहेत, रात्री सव्वीसवर एसी लावून झोपतात. पण आईच्या उशीला त्यांनी हात लावणं सोडलंय. विचारलं तर म्हणाले, "आता इथे कुठे असते ती."

काल जागृतीला घेऊन मी परत त्या दुकानात गेलो. हॉलसाठी एसी बघायला. तीच मुलगी, तेच प्रश्न.

"दुपारी हॉलमध्ये किती जण असतात?"

"हे एकटेच," जागृती म्हणाली. "घरूनच काम करतात."

"दोघांचं लिहा," मी म्हणालो.

जागृती माझ्याकडे बघतच राहिली. काय सांगणार तिला?

दार उघडलं की आई मोकळी होईल, निघून जाईल, असं मला वाटलं होतं. आत्ता हे लिहिताना घराचं मुख्य दार तासाभरापासून सताड उघडं आहे. पंखा पाचवर आहे. माझा डावा हात कोरडा आहे.

उजवा खांदा घामाने भिजलाय... अगदी कुणीतरी टेकून बसल्यासारखा.