खवले मांजराची मधुकरी

वाडगाभर मुंग्या समोर, पोट खपाटीला गेलेलं, आणि तरी खवले मांजर तोंड का लावत नाही? हे कोडं वृंदाला तीन दिवस सुटत नव्हतं.

खरं तर कोड्याहून दुसरंच काही तिला टोचत होतं. मागच्या एकादशीला गावच्या राईत ही मांजरी आपल्या पिलासकट जाळ्यात अडकलेली सापडली. देवाचं जनावर म्हणून बायकांनी हळदकुंकू वाहिलं आणि दोघांना दोन दिवस देवळात दर्शनाला ठेवलं. पिलाला दूधसाखर पाजायचा मान दहा वर्षांच्या वृंदाला मिळाला. देवाचं नाव घेत तिनं चमच्याचमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी पिलू गेलं. गाईचं दूध त्याला सोसत नाही, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग पिलाच्या आईला कुमुदआत्याच्या उपचार केंद्रात आणलं. आत्या वन्यप्राण्यांची डॉक्टर. तिच्या मदतीला वाटाड्या नावाचा सहा पायांचा यंत्रमानव होता. त्याच्या नाकात संवेदक (वास आणि ऊब टिपणारे भाग) होते. त्यानं सकाळीच सांगितलं होतं, की वजन असंच घटत राहिलं तर हिच्याजवळ दोनच दिवस आहेत.

"आत्या, हीपण माझ्यामुळे जाणार का?" वृंदानं विचारलं.

आत्या तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मग हळूहळू सांगू लागली. या प्राण्याला दात नसतात. चिकट, लांबलचक जिभेनं तो मुंग्या आणि वाळवी टिपतो, अन् सोबत गिळलेले बारीक खडे पोटात ते अन्न दळतात. अंगावरचे खवले केराटिनचे (आपली नखं ज्याची असतात त्या पदार्थाचे) असतात. डोळे मंद, सगळी भिस्त नाकावर. शीतपेटीतल्या मुंग्यांना ना मातीचा वास, ना वळवळ. त्यांना ती अन्न म्हणून ओळखतच नाही.

मग वारूळच फोडून आणू या, असं वृंदानं सुचवलं.

"परवा आणलं होतं," वाटाड्या म्हणाला. "वाळवीनं माझ्याच पायांतल्या वायरी कुरतडल्या. हिनं ढुंकूनही पाहिलं नाही."

आत्या किंचित हसली. रानात ही एका वारुळावर ठाण मांडत नाही, ती म्हणाली. थोडा वेळ खाते, तोवर सैनिक वाळवी (वारुळाची राखण करणारी) धावून येते, की ही पुढच्या वारुळाकडे निघते. मागचं वारूळ पुन्हा भरून येतं.

वृंदा म्हणाली, "म्हणजे मधुकरीच की. पाच घरी थोडं थोडं मागायचं, एकाच घरावर भार घालायचा नाही."

"अगदी तसंच. आणि आपण तिला एका ताटावर बसवलंय."

जाळ्यात झालेली पायाची जखम भरायला आठवडा हवा होता. पण आठवडा तिच्याजवळ नव्हता. आत्यानं डोळे मिटून क्षणभर हात जोडले आणि पिंजरा उघडला.

दिवेलागणीला वाटाड्या वास घेत रानात पुढे निघाला. अंगाचं वेटोळं सोडून मांजरी लंगडत त्याच्यामागे गेली. पहिल्या वारुळाशी तिनं नाक फिरवलं, माती उकरली आणि जीभ आत घातली. थोडं खाऊन ती दुसऱ्याकडे वळली, मग तिसऱ्याकडे.

तिथून निघताना मात्र ती थांबली. शेपटी जमिनीला सपाट टेकवून नुसती उभी राहिली.

"दमली का गं?"

"नाही." आत्या म्हणाली. "पिलू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. त्याला चढायला ती वेळ देतेय."

वृंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मांजरी बराच वेळ तशीच होती. मग तिनं रिकामी शेपटी उचलली आणि झाडीत शिरली.

"उद्या देवळात मी सगळ्यांना सांगेन," वृंदा म्हणाली. "असं जनावर सापडलं तर लांबूनच हात जोडायचे आणि तुला कळवायचं. चमचा माझ्या हातात होता, तेही सांगेन."

आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे, चौथ्या वारुळापाशी, माती उकरल्याचा आवाज येऊ लागला.