शून्याचा स्क्रू

मी डोंगरात समुद्र विकते. पहाटे निघायचं, सेंडांग बिरूच्या किनाऱ्यावरून होडीने आत जाऊन समुद्राच्या पाण्याचे कॅन भरायचे, पिकअपने घाट चढून मलांगला यायचं आणि ज्यांनी घरात काचेच्या पेटीत समुद्रातले मासे, प्रवाळ पाळलेत त्यांना पोचवायचं. सात वर्षांत माझ्या पाण्याला कुणी नावं ठेवली नव्हती.

म्हणून बाजाराच्या कोपऱ्यावर एकाने पिकअप अडवून शांतपणे सांगितलं, "म्बाक रेंगानिस, तुमचं पाणी खराब आहे," तेव्हा माझं डोकंच फिरलं. हा दामर, घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचे कॅन मी त्याच्या दुकानाशेजारी बाक्सो, म्हणजे मटणाच्या गोळ्यांचं सूप, विकणाऱ्या सुमिनीबाईंकडे ठेवून जायचे. माणूस मात्र आज पहिल्यांदाच दिसत होता. उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वण... आणि तो वण मला उगीचच आवडला.

"आधी पेटी दाखवा, मास," मी म्हटलं. "मग पाण्याबद्दल बोलू." अनोळखी तरुणाला आमच्याकडे अदबीने 'मास' म्हणतात, तरुणीला 'म्बाक'.

दुकानभर टिकटिक, मधोमध पेटी. प्रवाळ अंग चोरून बसलेलं. मी खारटपणा मोजायच्या छोट्या दुर्बिणीवर थेंब टाकला आणि उजेडाकडे धरली. पस्तीस हवं होतं, एकोणचाळीस निघालं.

"पाणी कमी झालं की काय घालता?"

"तुमचंच, रोज. समुद्राच्या जिवाला समुद्राचंच पाणी हवं ना?"

"उडतं ते पाणी, मास. मीठ आतच राहतं. वर तुम्ही रोज आणखी मीठ ओतताय. उडालेलं भरून काढायला साधं, गाळलेलं पाणी लागतं."

बोलून झालं आणि मग कळलं, मी काय करून बसले. आता या माणसाला पंधरा दिवसांत एक कॅन पुरणार. माझ्या पाण्याचं नाव राहिलं, पण इथे यायचं कारण गेलं. खरं सांगते, कॅनचं मला काहीच वाटलं नाही.

पण खारटपणा एकदम उतरवला तर प्रवाळ दगावतं. रोज एकेक अंश उतरवायचा. "मी येऊन बघत जाईन," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची दुर्बीण आणली. मी शिकवलं, आधी बिनमिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, शून्य दिसलं पाहिजे. नसेल तर हा बारीक स्क्रू फिरवायचा. तो ऐकत होता की माझ्याकडे बघत होता, देव जाणे. अडतीस, सदतीस, छत्तीस... सुमिनीबाई न सांगता बाक्सोचे दोन वाडगे आणू लागल्या. समुद्र हल्ली फारच वेळा डोंगर चढतोय, असं त्या माझ्या देखत गिऱ्हाइकांना सांगायच्या.

पाचव्या दिवशी शून्याचा थेंब मी विसरले, कारण दामरने नवा शर्ट घातला होता. त्याच्या दुर्बिणीत बघितलं, तर अडतीस.

"अरेरे," तो जरा घाईनेच म्हणाला. "म्हणजे अजून आठवडाभर यावं लागेल तुम्हाला."

मी पेटीकडे पाहिलं. प्रवाळ हात पसरून मजेत डुलत होतं. मी बिनमिठाचा थेंब टाकला. तीन दिसले.

"मास, हा स्क्रू कुणी फिरवला?"

"हलतो... कधी कधी."

"घड्याळवाल्याच्या हातात? आणि नेमका तीन अंश?"

त्याने भिंग काढून बाकावर ठेवलं. "पस्तीस दिसले असते, तर तुम्ही पुन्हा पंधरा दिवसांनी येणार. कॅन शेजारी ठेवून, न भेटता जाणार."

"म्हणून?"

"म्हणून... मला तुम्ही रोज हव्या आहात. पाणी लागो न लागो."

मी त्याचाच पेचकस उचलला आणि स्क्रू शून्यावर आणला.  

"एवढंच बोलायचं होतं," मी म्हणाले. "खोटं तुला जमत नाही. उद्या दुकान बंद ठेव. ज्या पाण्याला खराब म्हणालास ते कुठून येतं, ते बघायला चल. कॅन तू भरायचेस. पिकअप माझ्या दारातून पहाटे पाचला निघते, मी कुणासाठी थांबत नाही."

दुकानभर घड्याळं असलेला तो माणूस साडेचारलाच माझ्या दारात उभा होता.