आधी घंटा, मग हातमोजा

म्युरिएल टास्कर त्या सोमवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हातमोज्यात गवत भरत होती. हार्लस्टोच्या जत्रेचा हा हातमोजा सुपाएवढा मोठा, हरणाच्या कातड्याचा, आणि तो भरायचा मान गावच्या दवंडीवाल्याच्या बायकोचा. दवंडीवाला डेस्मंड टास्कर फेब्रुवारीत वारला होता. नव्या दवंडीवाल्याला बायको नव्हती, म्हणून मान विधवेकडेच राहिला. गवत बोटांच्या टोकांपर्यंत कोंबावं लागतं, नाहीतर वर चढवल्यावर बोटं लोंबतात आणि गाव वर्षभर हसतं.

जत्रेचा रिवाज जुना होता. मंगळवारी सकाळी चौकातल्या दगडी मांडवाशी, जिथे पूर्वी बायका लोणी विकायला बसत, हातमोजा उंच काठीवर चढायचा आणि दवंडी व्हायची. हातमोजा वर आहे तोवर कुणाला धरायचं नाही, कुणाला दारातून परत लावायचं नाही. जुन्या काळी चोर, कर्जबुडवे, पळून गेलेले नवरे त्या दिवसांत उजळ माथ्याने घरी यायचे आणि आईच्या हातचं जेवून जायचे. गुरुवारी संध्याकाळी दवंडीवाला घंटा घेऊन गल्लीबोळांतून फिरायचा, ‘आले त्यांनी जावं’ म्हणायचा, आणि मगच हातमोजा उतरायचा. हा क्रम कधी कुणी मोडला नव्हता. का मोडायचा नाही, हेही कुणी विचारलं नव्हतं.

गावाला डेस्मंड म्हणजे जीव की प्राण. लाल कोट, तीनटोकी टोपी, खणखणीत आवाज, आणि पर्यटकांच्या पोरांसाठी खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. तो गेला त्या दिवशी अख्ख्या बाजाराने दुकानं बंद ठेवली. मांडवाशेजारी त्याच्या नावाचं बाकडंही बसवलं. त्या बाकड्यावर म्युरिएल एकदाही टेकली नाही. लोक म्हणाले, बिचारीला सोसवत नाही.

घरातला डेस्मंड लोकांनी पाहिला नव्हता. वरच्या मजल्यावरून खाली येण्याआधी तो बोटातली अंगठी जिन्याच्या कठड्यावर आपटायचा. टक, टक, टक. तो आवाज आला की खाली असतील त्यांनी बोलणं थांबवायचं, पाठ ताठ करायची आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायचे. चुकलं तर काय होतं, ते म्युरिएलच्या डाव्या मनगटाला ठाऊक होतं. गार हवा पडली की ते अजून ठणकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने ती जन्मभर उघडली नाही. मुलगी रोझलिंड मात्र एकोणिसाव्या वर्षी पिशवी उचलून चालती झाली. ‘तो माणूस या घरात आहे तोवर मी पायरी चढणार नाही,’ असं सांगून गेली आणि शब्द पाळला. नात झाली तरी आली नाही.

आता ती येणार होती. शुक्रवारी, दुपारच्या बसने, सहा वर्षांच्या आयव्हीला घेऊन. म्युरिएलने पडदे धुतले, वरच्या खोलीत नवी चादर घातली, डेस्मंडचा कोट गावच्या संग्रहालयाला देऊन टाकला. बऱ्याच वर्षांनी तिला आपलं घर आपलं वाटत होतं.

मंगळवारी हातमोजा चढला. घरी परतताच तिला दारातच वास आला. बुटाच्या पॉलिशचा आणि पेपरमिंटचा. जून महिना, बाहेर लख्ख ऊन, खिडक्या सताड उघड्या, तरी वास हलेना. ती स्वतःलाच म्हणाली, भिंतींना मुरलाय मेला, जाईल हळूहळू.

बुधवारी ती बटाटे सोलत असताना वरून आवाज आला.

टक, टक, टक.

तिच्या हातातली सुरी खाली पडली. विचार करायच्या आधीच ती खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, तळवे टेबलावर. जिन्याची एकेक पायरी वजन पडल्यासारखी करकरली. मग समोरची खुर्ची थोडी मागे सरकली. बटाटे पाण्यात तसेच राहिले. उजेड भिंतीवरून सरकत सरकत खिडकीबाहेर गेला, तेव्हा कुठे तिने हात उचलले. तिला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त संताप आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मेला तरी माणूस जेवायच्या वेळेला हजर!

मग तिला दवंडीतले शब्द आठवले. कुणाला दारातून परत लावायचं नाही. म्हणजे हा हातमोज्याच्या आधाराने आला होता. येऊ दे, ती मनात म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी घंटा फिरेल आणि जाईल झक मारत.

गुरुवारी घंटा फिरलीच नाही. नगरपालिकेच्या पर्यटन खात्याने यंदा ठरवलं होतं की हातमोजा उन्हाळाभर वरच ठेवायचा. ‘हार्लस्टोमध्ये काय पाहाल, काय कराल’ या त्यांच्या पत्रकात तर तसं छापूनही आलं होतं: दगडी मांडव पाहा, डुकराच्या मांसाची पाई खा, डेस्मंड टास्करच्या बाकड्यावर विसावा घ्या, हातमोज्याखाली फोटो काढा. म्युरिएल तडक नव्या दवंडीवाल्याकडे गेली. क्लाइव्ह हॉबडे हा निवृत्त दंतवैद्य. मनाने भला, पण वारा येईल तशी पाठ फिरवणारा माणूस.

“क्लाइव्ह, हातमोजा उतरवा,” ती म्हणाली.

“अहो, माझ्या हातात काय आहे? पत्रकं वाटून झालीत.”

“रिवाज आहे तो.”

“रिवाज लोकांसाठीच ना? गर्दी बघा किती आहे. डेस्मंड असता तर खूश झाला असता.”

“तो खूश आहे,” म्युरिएल म्हणाली.

हॉबडेने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि तिच्यासाठी चहा टाकला. तिने घेतला नाही. काय सांगणार होती ती? ज्या गावाने त्याचं जिवंतपणीचं वागणं कधी खरं मानलं नसतं, ते मेल्यानंतरचं मानणार होतं?

शुक्रवारी दुपारी चौक माणसांनी फुलला होता. म्युरिएल सरळ काठीपाशी गेली आणि दोरीची गाठ सोडली. दोरीने मनगटाला झटका दिला, पण तिने सोडली नाही. हातमोजा हळूहळू खाली आला. पर्यटकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, एका बाईने तर तिला जरा हसायला सांगितलं. आणि म्युरिएल खरंच हसली.

हातमोजा काखोटीला मारून ती घरी आली. दार उघडून उभी राहिली. वास नव्हता. घर पुसून घेतल्यासारखं मोकळं होतं. समोरची खुर्ची टेबलाला लागून होती. म्युरिएल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पोटभर रडली, मग तोंड धुऊन तिने केक भट्टीत टाकला.

रोझलिंड बसमधून उतरून दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशीच थबकली. चाळिशीची झालेली, कानाशी पांढरे केस. तिने लहान मुलीसारखा आत वास घेतला.

“नाहीये ना, आई?”

“नाही. ये.”

ती आत आली. टेबलाशी तिघी बसल्या. आयव्हीने केकवर सांडेपर्यंत जॅम घेतला आणि कुणीही तिला काही म्हटलं नाही. बसमधल्या एका म्हाताऱ्याच्या कुत्र्याची नक्कल तिने अशी करून दाखवली की रोझलिंड खळखळून हसली. या स्वयंपाकघरात ते हसू म्युरिएलने कधी ऐकलंच नव्हतं. रोझलिंड म्हणाली, “आठवडाभर राहू का गं?” म्युरिएलने मान डोलावली.

तेवढ्यात दार वाजलं. हॉबडे होता, लाल कोटात घामाघूम.

“म्युरिएल, हे बरं नाही केलंत. निदान मला तरी सांगायचं.”

“सांगितलं होतं.”

“तसं नाही हो. उतरवायचाच होता, तर आधी मी गल्लीतून घंटा तरी फिरवली असती. ‘आले त्यांनी जावं’ म्हटलंच नाही कुणी. आलेले सगळे आतच राहिले की!” तो स्वतःच्याच विनोदावर कसंनुसं हसला.

म्युरिएलने दाराची चौकट धरली.

“मग आत्ता फिरवा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

“आता काय उपयोग? हातमोजा उतरला की जत्रा संपली. आता पुढच्या वर्षी.”

तिने दार लावून घेतलं. कडी घालताना तिच्या नाकाशी पेपरमिंटचा वास आला, अगदी ताजा, आत्ताच कुणी गोळी तोंडात टाकल्यासारखा. आत रोझलिंड काहीतरी सांगत होती.

टक, टक, टक.

रोझलिंडचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. तिची पाठ ताठ झाली, तळवे टेबलावर आले, आणि तिने आईकडे असं पाहिलं की म्युरिएलला मान वर करता येईना.

“तू म्हणालीस… नाहीये…”

वरची पहिली पायरी करकरली.

आयव्हीने हातातला केक हळूच बशीत ठेवला. बोटाला लागलेला जॅम फ्रॉकला पुसला, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. तिला हे कुणीच शिकवलेलं नव्हतं.