सार्दीची शेवटची बोट

त्याने फेकलेला पहिला दोर खुंटावर न पडता माझ्या खांद्यावर येऊन पडला.

"खुंटाला अडकवायचा होता..." तो बोटीवरून म्हणाला.

"मी खुंट दिसते का?"

"नाही, नाही. ते... ऊन डोळ्यांवर आलं."

ऊन त्याच्या पाठीमागे होतं. मी दोर उचलून खुंटाला गुंडाळला. तेवढ्यात बोटीने लॉकच्या, म्हणजे कालव्यातल्या दारं असलेल्या हौदाच्या, भिंतीला धडक दिली आणि आत कॉफीचं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

"किती दिवस झाले बोट चालवायला लागून?" मी विचारलं.

"देसीझहून निघालोय. म्हणजे... हल्लीच." तो हसला. "मी वायरमन आहे हो. पाणी दिसलं की आम्ही लांब पळतो."

त्याचं नाव तिबो. बोट त्याच्या वडिलांची. ते गेल्या हिवाळ्यात वारले, आईने घर सोडलं आणि आता यापुढे बोटीवरच राहायचं म्हणून ती कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, ओसेरला बहिणीकडे सामान घेऊन थांबली होती. बोट तिच्यापर्यंत न्यायचं काम तिबोकडे आलं होतं.

"मग घाई करा," मी म्हणाले. "संध्याकाळी कालव्याचं पाणी बंद होतंय, ते वसंतापर्यंत. तुमची बोट शेवटची."

त्या वर्षी आमच्याकडे पाऊसच झाला नव्हता. डोंगरावरचं तळं इतकं आटलं होतं की तळाचा चिखल उन्हात तडकून गेला होता. सकाळीच ऑफिसातून फोन आला होता, आज एक बोट उतरवा आणि दारं बंद करा.

डोंगरावरून सार्दी गावापर्यंत कालवा जिन्यासारखा उतरतो, एकाखाली एक लॉक. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, झडपा उघडून पाणी सोडायचं, बोट खाली गेली की पुढचं दार उघडायचं. मग ती माणसाच्या चालीने पुढच्या लॉककडे निघते आणि मी मोपेडवरून पुढे जाऊन तयारी करते. म्हणजे निरोप घ्यायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा भेटायचं, दिवसभर हेच.

दुसऱ्या लॉकला त्याने नाव विचारलं. "सोलेन," मी सांगितलं. तिसऱ्याला कॉफी आली, झाकण नसलेल्या बरणीतून. चौथ्याला त्याने दोर बरोबर फेकला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू आवरेना.

"टाळ्या नाहीत?" तो म्हणाला.

"दार उघडतेय. दोन्ही हात गुंतलेत."

खाली जाणाऱ्या बोटीतल्या माणसाशी बोलण्यात एक गंमत असते. सुरुवातीला तो तुमच्या समोर उभा असतो. मग पाणी उतरतं, तो हळूहळू खाली जातो, आणि शेवटी शेवाळलेल्या भिंतींच्या मधून मान वर करून तुमच्याकडे बघत राहतो. तिबोचे डोळे तपकिरी होते. हे मला सहाव्या लॉकला कळलं... खरं तर पहिल्यालाच कळलं होतं.

"इथून जाणारे लोक परत येतात का कधी?" त्याने खालून विचारलं.

"येऊ म्हणतात सगळे."

"आणि?"

"आणि मी दार उघडते."

मागच्या उन्हाळ्यात एकजण असंच म्हणून गेला होता. मी ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक बोटीच्या आवाजाला खिडकीशी जात होते. ते तिबोला सांगायचं काही कारण नव्हतं.

खालच्या लॉकवरचा म्हातारा रेमाँ मला मदतीला आला होता. बोट पुढे गेल्यावर तो म्हणाला, "पोरी, आज केस बांधलेस ते?"

"वारा आहे."

"पान हलत नाहीये."

दुपारी बोट अडकली. दोन लॉकांच्या मधलं पाणी इतकं उतरलं होतं की तिचा तळ चिखलात बसला. तिबोने इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं, बांबूने रेटून पाहिलं. गढूळ पाणी तेवढं ढवळलं गेलं.

"सोलेन, आता काय?" तो ओरडला. पहिल्यांदाच नावाने.

"वरून पाणी सोडावं लागेल."

मी वरच्या लॉककडे चालत गेले. झडपेचा दांडा हातात घेतला... आणि फिरवला नाही. नुसतं गप्प उभं राहिले असते तरी पुरलं असतं. वर पाणी थोडंच उरलं होतं. पाणीच नाही, असं मी म्हणाले असते तर कुणी काही विचारलं नसतं. बोट वसंतापर्यंत तिथेच राहिली असती, पॉप्लरच्या झाडांखाली, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी कॉफी, संध्याकाळी गप्पा. मी बोटीकडे बघितलं. तिबो टपावर बसला होता, फोनवर बोलत होता. शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

"हो आई. नाही, दमलो नाही. तुझ्या खोलीत दिवा बसवलाय, वाचायला बरा पडेल... येतोच आहे."

मी दांडा फिरवला. पाणी सुटलं, फेसाळत खाली गेलं, आणि बोट आधी किंचित डुलली, मग चिखलातून सुटी झाली. तिबोने वर बघितलं. फोन कधीच खिशात गेला होता. माझे डोळे भरले होते, म्हणून मी उगाचच झडपेवर वाकले.

शेवटच्या लॉकला मी झडपा उघडल्या. पाणी नेहमीपेक्षा लवकर उतरतंय असं वाटत होतं.

"मघाशी तू बराच वेळ उभी होतीस," तो म्हणाला. त्याचं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नसावं.

"दांडा जड आहे."

"सोलेन, मला आईकडे जायलाच हवं. आणि परत येईन असं... मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," मी म्हणाले. आणि दार उघडलं.

बोट वळणापलीकडे गेल्यावर रेमाँने माझ्या हातातला दांडा काढून घेतला. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

नोव्हेंबरात कालवा रिकामा पडला. तळाशी शिंपले, गंजलेली सायकल, कुणाची तरी खुर्ची. पाऊस आता सुरू झाला होता, बारीक, थांबायचं नाव न घेणारा. मी आणि रेमाँ दारांच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावत होतो. अशा दिवसांत त्या वाटेवर कुत्रंही फिरकत नाही.

"कुणीतरी येतंय," रेमाँ म्हणाला.

काठावरच्या पायवाटेने एक माणूस येत होता. पाठीवर पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल, जरासा लंगडत. मी बघत राहिले. पुढे जावं की नाही, हे पायांना कळेना.

"वर पाणी नाही," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"दिसतंय ते," तिबो म्हणाला. "म्हणून चालत आलो."

"ओसेरहून? बस असते की..."

"बस दुसऱ्याच रस्त्याने जाते. मला हा एकच माहीत होता." तो धापा टाकत होता. "आई बोटीवर छान रमलीय. शेजारच्या बोटीतल्या बाईंशी पत्ते खेळते. परवा म्हणाली, तू दिवसभर नदीकडे बघत बसतोस, मला वैताग येतो, जा एकदाचा."

"आणि आईने सांगितलं म्हणून आलात?"

"नाही." त्याने ओले केस कपाळावरून मागे सारले. "त्या दिवशी तू मला अडकवून ठेवू शकली असतीस. मी पाहत होतो. मला तेव्हा वाटलं, न फिरवो ती दांडा... आणि तू फिरवलास. त्यानंतर दुसरं कुणी मनात बसेना. एवढंच सांगायचं होतं. आता तू जा म्हणालीस तर जाईन. पण हळू जाईन, पायाला फोड आलेत."

रेमाँ खोकला, डबा उचलून लॉकच्या पलीकडे गेला आणि मघाशीच झालेल्या बिजागरीला पुन्हा एकदा ग्रीस लावू लागला.

माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मी ते मागे लपवले. तिबोने ते हलकेच पुढे ओढून आपल्या थंडगार हातांत घेतले. तेही काळे झाले. तो सोडेना. मीही सोडवून घेतले नाहीत.

"घरात चल," मी म्हणाले. "बूट मात्र दाराशी काढ. फरशी सकाळीच पुसलीय."