जाणती माती

चहाला उकळी येईपर्यंत टेबलावरची म्हातारी विहिरीच्या दोन पायऱ्या उतरून गेली. शालननं ओट्यापाशी उभ्याउभ्याच मान वळवून पाहिलं. वीतभर उंचीची मातीची म्हातारी केसभर हलायची, थांबायची, कॅमेरा आपोआप एक चित्र टिपायचा, की पुन्हा केसभर. कुणाचा हात तिला लागत नव्हता. तिनं कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि उजवा पाय असा काही पुढं टाकला, की शालनच्या हातातली गाळणी हातातच राहिली. ही चाल तिच्या नवऱ्याची होती. आणि नवरा, केरबा निगवेकर, पलीकडच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते.

कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतल्या या माडीवर केरबांनी उभा जन्म मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे करण्यात घालवला. बाहुली जराशी हलवायची, शालननं चित्र घ्यायचं, पुन्हा जराशी हलवायची. अशी चित्रं भराभर पुढं सरकली की पडद्यावर बाहुली चालू लागते. दिवसभर राबावं, तेव्हा ती एकदा शिंकायची. मग वाक्य सांगितलं की सिनेमा काढून देणारी यंत्रं आली, घरोघरची पोरं स्वतःच सिनेमे सांगू लागली आणि मातीचा धंदा बसला. एकेक करून सगळ्यांनी गाशा गुंडाळला. केरबा तेवढे चिकटून राहिले. शालन म्हणायची, गोचीडसुद्धा कधीतरी सोडते.

केरबांची एक रीत होती. बाहुलीला हात लावण्याआधी ती हालचाल ते स्वतः करून बघत. राणी असो, वाघ असो, आधी माडीवर केरबा चालणार आणि मग बाहुली. त्यामुळं व्हायचं काय, की वाघही केरबांसारखाच उजवा पाय टाकून, मान तिरकी करून चालायचा. गल्लीतली माणसं सिनेमा बघताना पोट धरधरून हसायची. आपला वाघ आपल्यासारखा चालतो, हे केरबांना मात्र कधीच पटलं नाही.

जाणती माती आली ती पुण्याच्या एका कंपनीतून. मुळात ती सर्जन लोकांचे हात शिकून घेण्यासाठी बनवलेली. तिच्या कणाकणात स्पर्श टिपणारी अतिसूक्ष्म यंत्रं होती. बोटांचा दाब, वेग, थरथर, सगळं ती लक्षात ठेवी आणि पुढं तशीच हालचाल आपली आपण करून दाखवी. कंपनीतल्या ईशानी नावाच्या मुलीनं लहानपणी केरबांचा वाघ पाहिला होता, म्हणून तिनं थोडी माती इकडं धाडली. केरबांना हुरूप आला. विहिरीच्या तळाशी जत्रा भरलीय आणि तिथं हरवलेली आपली शेळी शोधायला एक म्हातारी पायऱ्या उतरतेय, असा सिनेमा त्यांनी मांडला. म्हातारी निम्म्या पायऱ्या उतरली आणि केरबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली.

"काकू, काळजी करू नका," ईशानी फोनवर म्हणाली होती. "मातीला काकांचा हात पाठ झालाय. उरलेला सिनेमा ती एकटी पूर्ण करेल."

चांगल्या मनानंच बोलली पोरगी, पण केरबांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून व्यायाम बंद केला. बोटं हलवायचा प्रयत्न करत राहिलात तरच हात परत येईल, असं डॉक्टर सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. "माझं हात तिकडं टेबलावर हाइत की," एवढंच केरबा म्हणत. शालनला सिनेमाची फिकीर नव्हती. तिला हा माणूस त्या भिंतीपासून परत हवा होता.

चहा गाळता गाळता तिला आणखी एक गोष्ट दिसली. म्हातारीच्या पाठीवर अंगठ्याएवढा खळगा पडला, रेघांसकट. बाहुली हलवून झाली की ती डुगू नये म्हणून केरबा तिला पाठीवर अंगठ्यानं दाबत. आता अंगठा नव्हता, ठसा तेवढा होता. दुपारच्या उन्हात तो उमटला, निवळला, पुन्हा उमटला, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसा. चहा तसाच ठेवून ती आतल्या खोलीत गेली.

"अहो, उठा. म्हातारी तुमच्यागत चालालीया."

"चालू दे की."

"वाघ चालला तवा खपलं. म्हातारीला शोभतंय व्हय हे? विहीर उतरालीया का तालमीला निघालीया?"

केरबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. कामात खोट काढलेली त्यांना कधी सोसत नसे, हे शालनला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून टेबलापाशी आणलं. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. खिडकीच्या पडद्यातून येणारं ऊन पाण्यागत हलत होतं आणि त्या उन्हात म्हातारी खाली खाली चालली होती.

"चुकालीया," केरबा म्हणाले. जीभ अजून जड होती. "तिला गुडघं हाइत. अशी धाडकन न्हाई उतरायची."

सवयीनं ते ती हालचाल करून बघायला गेले. उजवा पाय उचललाच नाही; फरशीवरून जरासा घासत आला. केरबा त्या पायाकडं बघत बसले. आता पुन्हा हे भिंतीकडं वळणार, असं तिला वाटलं.

"शालन, बघितलंस?" ते एकदम म्हणाले. "अशी उतरंल ती. अश्शी."

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, बोटं म्हातारीच्या पायाला टेकवली आणि जोर लावला. कपाळावर घाम आला. मदतीला धावावं असं शालनच्या मनात आलं, पण तिनं पदर मुठीत धरून ठेवला. तर्जनी हलली. केसभरच, पण या धंद्यात केसभरच लागतं. म्हातारीचा पाय पायरीवरून घासत खाली सरकला आणि आयुष्यात पहिल्यांदा केरबांची बाहुली केरबांसारखी चालली नाही. खऱ्या म्हातारीसारखी चालली. शालनला रडू फुटलं, लपवायचं कशाला? चित्र घ्यायला मात्र ती विसरली नाही.

एकदा सुरुवात करून दिली की पुढची पावलं माती आपली आपण टाकी. दोघं बघत बसली. म्हातारी हललीच नाही. काही बिघडलं की काय, म्हणून शालननं ईशानीला फोन लावला. ईशानीनं तिकडं बसूनच मातीची तपासणी केली.

"काकू, माती ठणठणीत आहे. काकांची ही नवी हालचालसुद्धा शिकलीय ती. मनात आणलं तर आत्ता अख्खी विहीर उतरेल."

"मग थांबलीया कशाला?"

ईशानीनं तपासणी पुन्हा एकदा करून पाहिली. "काकांच्या बोटाची वाट बघतेय, असं दिसतंय. पण काकू, वाट बघायला आम्ही तिला शिकवलेलं नाही."

केरबांचं फोनकडं लक्षही नव्हतं. त्यांचं बोट पुन्हा म्हातारीच्या पायाकडं निघालं होतं, थरथरत, फार सावकाश. तिन्हीसांजेला पोचलं असतं तरी नवल नव्हतं. शालननं कॅमेऱ्याच्या बटणावर हात ठेवला. पायरीवर म्हातारी तशीच उभी होती आणि खोल तळाशी जत्रा भरली होती. मातीनं माणसाचा हात शिकावा, हे शालनला समजत होतं. पण ज्याच्यावाचून आपलं काही अडत नाही, त्याच्यासाठी थांबून राहायचं, हे ती माती कुणाकडून शिकली?