ओलावा आढळला आहे

फोन घ्यायला आम्ही पेणला गेलो तेव्हा दुकानात ही गर्दी होती. आम्ही म्हणजे मी, नवरा हर्षद आणि दहावीतली आमची पिंकी. राहतो रोह्याशेजारी वरसेला, पण हर्षदचं म्हणणं, एवढा भारीतला फोन घ्यायचा तर पेणच्या मोठ्या दुकानातच घ्यायचा. तिथला पोरगा काचेवर बोटं नाचवत 'फ्लॅगशिप, फ्लॅगशिप' करत होता. पाण्यात पडला तरी याला काही होत नाही म्हणाला. पुराव्यादाखल काउंटरवर काचेच्या भांड्यात त्याच जातीचा एक फोन बुडवून ठेवलेला, आत दिवा पेटलेला. लोक कौतुकानं वाकून बघत होते. मला ते भांडं बघवत नव्हतं.

का, ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ अमोल गेल्या हिवाळ्यात खाडीत गेला. माझं माहेर जिते स्टेशनवरून आत, खाडीच्या अंगाला. उधाणात बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरायला लागलं, तसे गावातले बाप्ये चिखल घेऊन ती बुजवायला धावले. बाकीचे परत आले. अमोल ओहोटीबरोबर गेला तो सापडलाच नाही. बांधावरून त्यानं मला फोन केला होता. मी ओट्याशी होते. स्क्रीनवर 'अमोल' दिसतंय, रिंग वाजतेय, आणि माझं जुनं डबडं अडकून बसलेलं. हिरवं बटण मी सरकवतेय, सरकवतेय, ते जागचं हलत नाही. रिंग थांबली. उलटा लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. तो काय सांगणार होता ते राहूनच गेलं.

म्हणून मला चांगला फोन हवा होता. मिरवायला नाही. परत कुणाचा फोन वाजला तर तो उचलता यावा, एवढ्यासाठी.

आणि आई. आमची आई सगुणा, उभा जन्म मिठागरात गेलेली. तिनं अमोलचे दिवस घालू दिले नाहीत. भावकीनं समजावलं, भटजींनी समजावलं. एकच बोलली, "मढं दाखवा, मंग पिंड घालीन." दर उधाणाला जाऊन बांधावर बसायची. एक दिवस ही पण पाण्यात उतरणार, या भीतीनं मला झोप लागत नसे. तिला उचलून वरसेला आणायचं हा एकच ध्यास होता, आणि ती हलायला तयार नव्हती.

तर फोन. पहिल्याच दिवशी मनातून उतरला. फोटो काढला तर पिंकीच्या गालावरचा तीळच गायब! सगळ्यांचे चेहरे मेण फासल्यासारखे गुळगुळीत. हातात धरला की तव्यासारखा तापायचा. आणि तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावला तर टुंग करून पाटी आली, 'चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आढळला आहे. कोरडा करून पुन्हा प्रयत्न करा.'

ओलावा? माझ्या घरात? मी बाई ओट्यावर पाण्याचा थेंब राहू देत नाही. हर्षद कंपनीतून शिफ्ट करून आला की त्याचे कपडे मी चिमटीत धरून थेट बादलीत टाकते, इतकी मला घाणीची किळस. फोन पुसला, फुंकला, उन्हात ठेवला. पुन्हा टुंग. ओलावा आढळला आहे.

"तांदळात ठेव," हर्षद म्हणाला. "सगळे तेच करतात."

डब्यातल्या तांदळात फोन पुरून ठेवला. सकाळी झाकण उघडलं आणि मी तोंडाला पदर लावला. तांदूळ फुगले होते. एकमेकांना चिकटून गोळा झाला होता, हाताला बुळबुळीत लागत होता, आणि वास... ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो ना, कुजक्या मासळीचा आणि गंधकाचा, तो वास. माझ्या स्वयंपाकघरात! मला उलटीच झाली. तो गोळा मी कागदावर घेऊन गच्चीच्या कठड्यावर ठेवला, म्हटलं कावळे तरी खातील. चांगले सात-आठ कावळे बसले होते. मी हाका मारत राहिले, एकानंही चोच लावली नाही. संध्याकाळपर्यंत गोळा तसाच. कठड्यापाशी उभी असताना मला एकदम कळलं की मी काय मांडून ठेवलंय. हर्षदला सांगितलं नाही. हसला असता.

मग मी कान साफ करायचा बड घेऊन पोर्ट कोरायला बसले. आधी पांढरी भुकटी आली. मग करडा चिखल. पुसावं तेवढा येत होता. एवढ्याशा भोकात मावेल किती? वाटीभर कापूस काळा झाला तरी संपेना. शिसारी येत होती आणि हात थांबत नव्हता.

रोह्याच्या स्टेशनरोडला रितेश म्हणून पोरगा फोन दुरुस्त करतो. त्यानं भिंगातून पाहिलं.

"ताई, खाडीत पडलेला काय?"

"दुकानातून आणल्यापासून घराबाहेर नाही गेलेला."

"आत मीठ हाय," तो म्हणाला. बारीक चिमटा घातला आणि काहीतरी ओढलं. पांढुरका दोरा वाटला. टेबलावरच्या फडक्यावर ठेवला तर तो वळवळला. बोटाच्या पेराएवढी चिखलातली अळी, जिवंत. रितेशनं खुर्ची मागे सारली. "घेऊन जा ताई. हे आपलं काम नाय." कंपनीच्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, तुम्हीच पाण्यात बुडवलाय, वॉरंटीत बसत नाही. वर गोड आवाजात विचारतो, आणखी काही मदत करू शकतो का!

फोन मेला. दोन दिवस काळाठिक्कर पडून होता. अमावास्या आली, उधाणाचे दिवस, म्हणून आईला आणायला निघाले. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तो घेतला, कारण येताना पेणला उतरून त्या दुकानदाराच्या तोंडावर मारायचा होता. रोह्याहून गाडी धरली. निडी स्टेशन गेलं तेव्हा पिशवी आतून घामेजलेली होती. जित्याला उतरले तोवर तळाशी पाणी साचलं होतं.

आई ओटीवर बसली होती. बांधाकडे जायच्या तयारीतच.

"आयलीस गो अनी?"

"तुला न्यायला आलेय. वर्ष होत आलं, आई. आता तरी त्याचे दिवस घालू."

तिची नजर बांधाकडे. भरती चढत होती, खाडीचं पाणी खाजणातल्या चिखलातून आत येताना बारीक चुळचुळ आवाज करत होतं. ऊन होतं अजून, पण पिवळट. शेजारचं कुत्रं अंगणात होतं, ते उठून घरामागे निघून गेलं.

आणि माझी पर्स वाजली.

मेलेला फोन. पिशवी फाडून काढला. काच उजळलेली, आणि काचेच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. त्या पाण्यामागे नाव. अमोल.

मी बटण सरकवलं. सरकलं नाही. पदरानं काच पुसली, पुन्हा सरकवलं. पाणी आत, पुसून काय होणार? बोट नुसतं घसरत होतं. तेच, अगदी तेच, गेल्या वर्षीचं! मी रडायला लागले. "उचलता येत नाही गं... आई, मला उचलताच येत नाही..."

"दे इकरं."

आईचा अंगठा मिठानं झिजून गुळगुळीत झालेला. रेशनच्या मशीनवर उठत नाही, शिपाई दर वेळी वैतागतो. तो अंगठा तिनं काचेवर ठेवला मात्र, फोन उचलला गेला.

तिनं तो कानाला लावला.

"व्हय... व्हय रे बाला... मीच..."

मला पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नुसतं गुळुगुळू. फोनमधून करडं पाणी निघालं, आईच्या गालावरून, हनुवटीवरून गळ्यात उतरायला लागलं. तोच वास. ती पुसत नव्हती. खरं सांगते, माझा सख्खा भाऊ होता पलीकडे, पण मला फक्त किळस आली. फोन हिसकावून घ्यावा असं वाटत होतं आणि त्याला हात लावायची हिंमत नव्हती.

"थंडी वाजतं?... कोन?... अनी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नाय," ती फोनमध्ये म्हणाली. "ती नाय. तिला पोर हाय... नाय म्हनलं ना... नाय उचलला, तर नाय उचलला. बहीन हाय तुजी..."

गुळुगुळू मोठं झालं. मग कमी झालं.

"बरं," आई म्हणाली. आवाज एकदम मऊ. "पन पिंकीची परीक्षा व्हऊं दे. दहावी हाय पोरीची... व्हय... मंग."

तिनं फोन खाली घेतला, पदरानं नीट पुसला, माझ्या हातात दिला. "घे. आता चालंल."

"आई, काय म्हणाला तो?"

"एकट्याला गमत नाय म्हनला. सोबतीला कोन तरी पायजे." ती उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. "चल गो. किती वाजताची गाडी हाय?"

वर्षभर जी बाई हलली नाही ती मुकाट्यानं माझ्याबरोबर आली. अमोलचे दिवस घाला म्हणाली, तिनंच पुढाकार घेतला. पिंडाचं पान नीट ठेवलंही नव्हतं, कावळा झडप घालून आला. भावकी म्हणाली, सुटला बिचारा. सगळ्यांना बरं वाटलं. मला एकटीला वाटलं नाही.

फोनची आता काही म्हणजे काही तक्रार नाही. अर्ध्या तासात पूर्ण चार्ज होतो. तापत नाही. पिंकीचा तीळसुद्धा फोटोत जिथल्या तिथे दिसतो. हर्षद म्हणतो, बघ, उगाच बोंबलत होतीस, भारीतली वस्तू ती भारीच. विकून टाक म्हणून मी त्याच्या मागे लागले, तर माझ्याकडेच तो वेड लागल्यासारखा बघतो. अमोलचा नंबर मी त्यातून काढून टाकला. पण त्या फोनवर आईचं त्याच्याशी जे ठरलं, ते कुठलं बटण दाबून पुसू?

आई मजेत आहे. पिंकीला पहाटे उठवते, चहा करून देते, ती वाचत असताना शेजारी बसून राहते. तेवढी एक कानाची कुरकूर. "कान गच्च झालाय गो," म्हणते. उजवा. फोन लावला होता तो. कानाच्या डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं, म्हणाले, कान स्वच्छ आहे, कोरडा आहे.

घरी येऊन मी बड घातला. करडा चिखल आला. मिठाचे खडे आले.

पिंकीचे पेपर सुरू झाले तसा चिखल वाढत गेला. रोज रात्री आई माझ्या मांडीवर डोकं ठेवते आणि मी तिचा कान साफ करते. नाकाला पदर बांधून करते. जेवढं काढीन तेवढं आतलं पाणी उतरेल, अशी वेडी आशा. दाराला कुलूप घालते, किल्ली उशाखाली घेते. पण वरसेला कुठली आलीय खाडी? कुलूप नेमकं कुठल्या दाराला लावायचं, तेच मला कळत नाही.

काल कान साफ करून झाल्यावर मी वाकून तिच्या कानाला माझा कान लावला. आत भरती चढत होती. चुळचुळ, चुळचुळ.

आज पिंकी उड्या मारत घरी आली. "आजी, उद्या भूगोल झाला की सुटले!"

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "सोपा जाईल गो तुला," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं आपली लुगडी पिशवीत भरायला घेतली.